उसिरु बिडी

एक्स-रेचा पोरगा शिवमोग्ग्याकडचा.
गार पत्र्याला छाती लावून मला उभं केलं,
हनुवटी वर, खांदे पुढं,
म्हणाला, "उसिरु हिडीरी."
धरला.
मग काचेमागनं म्हणाला, "बिडी."
म्हटलं, व्हय बाबा, बिडीच.
चौदा वर्षं झाली निपाणीत, रोजच्या हजार.
दाराशी नर्स हसाय लागली,
"अगं अक्काताई, श्वास सोड म्हणतोय त्यो.
कानडीत बिडी म्हंजे सोडा."

तवर मी धरूनच हुतो.

पहिल्या गोळ्यांनी लघवी केशरी झाली.
मी खूश. वाटलं, रोग चाललाय वाहून.
चौथ्या महिन्याला परत ताप, परत डबी.
कफाला दोन्ही भाषांत कफच म्हणत्यात,
डबीवरचं नाव तेवढं कानडी अक्षरात,
ते मला वाचता येत न्हाई.
बेळगावास्नं कागद आला.
डॉक्टर उळ्ळागड्डी (आडनावाचा अर्थ कांदा,
त्यांनीच सांगितला, मी रडू नये म्हणून)
म्हणाले, जंतूला जुनं औषध पाठ झालंय.
आता दुसऱ्या फळीतली औषधं.

आमच्या वखारीत फळ्या दोनच.
खालच्या फळीवर रोजचा माल.
तो सपला की शिडी लावून वरचा काढायचा.
वरचा सपला की काय, हे कुणी इचारत न्हाई.
वर पत्रा हाय.

दीड वर्ष.
एका गोळीसाठी छातीला वायरी लावून
काळजाची रेघ काढायची, दर थोड्या दिसांनी.
एका गोळीनं स्वप्नं पडायची,
स्वप्नात सासू सुपारी कातरत बसायची, बोलायची न्हाई.
एका गोळीनं अंग काळपटलं,
आधी कपाळ, मग हात, मग नखांच्या मुळ्या.
शेतातनं तंबाखू आणून वाळत घालत्यात,
हिरवी, मग पिवळी, मग तांबूस,
तशी मी पिकलो.
पोरगी म्हणाली, आई, तुझ्या रंगाचा माल
वखारीत भारी दरानं जातोय.

आणि एका गोळीनं बोटं गेली.
गेली म्हंजे हायत हिथंच.
खरं पानाची कड लागंना,
दोरा बसला का सुटला कळंना.
पूर्वी डोळं झाकून हजार,
आता डोळं फाडून तीनशे,
त्यातल्या साठ मुकादम फेकून देतोय.
डॉक्टर म्हणाले, ती गोळी अर्धी करू.
इचारलं, अर्धीनं रोग जाईल?
लगेच बोलले न्हाईत.
खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं.
म्हणाले, बहुतेक.

बहुतेक म्हंजे किती, ते मला
पंचवीसच्या कट्ट्यात सांगा, म्हटलं.
एका कट्ट्यात किती जळत्यात, किती इझत्यात?
हसले. खरं उत्तर दिलं न्हाई.

यमगर्णीची मालन माझ्याच तारखेला लागली.
त्याच गोळ्या, तीच नर्स, तोच स्टीलचा गलास.
मी दोनदा गोळ्या तोंडातनं काढून टाकल्यात,
कुणाला म्हायती न्हाई, आता तुम्हाला सांगितलं.
तिनं एक चुकवली न्हाई.
आठव्या महिन्यात तिचा नवरा
उरलेल्या गोळ्या परत द्यायला आला,
सगळ्या मोजून, पिशवीला गाठ मारून.
औषध लागू पडलं म्हणत्यात माझ्याकडं बघून.
मी पिशवीची ती गाठ बघत हुतो.

परवा शेवटचा फोटो.
पत्रा तसाच गार. पोरगा त्योच, जरा जाड झालाय.
"उसिरु हिडीरी."
धरला.
"बिडी."
श्वास सोडला,
आणि तोंडातनं आपसूक निघालं, "सोडली."
त्याला कळलं न्हाई. काच हुती मधी.

आडोशाला जाऊन पोलक्याची बटणं लावली.
अजून खाली बघूनच लावाय लागत्यात.