नावाड्याची बाही

लिएपायाच्या नगरपालिकेत
पाणीपट्टीच्या खिडकीवर बसते मी.
करडा कोट. एकच बाही लाल.
"झेल्मा, कापड कमी पडलं का?" साहेब विचारतात.
हो म्हणते.

कोण सांगत बसणार,
की दर डिसेंबरात टीव्हीवर तो सिनेमा लागायचा,
बहिणी चादरी गुंडाळून
राजकन्या व्हायच्या, भांडून भांडून,
आणि मला व्हायचं असायचं धुक्यातला नावाडी,
ज्याला अख्ख्या सिनेमात चारच वाक्यं
आणि ती लाल बाही,
जिचं कारण शेवटपर्यंत कुणी सांगत नाही.

राजकन्येच्या वेषात
ऑफिसला जाता येत नाही.
नावाड्याच्या येतं.
कमरेला दोरीचा पट्टा, पायात गमबूट,
खिशात एक शिंपला, उताऱ्याचं भाडं.

काल ट्राममध्ये समोर एक आजोबा,
मांडीवर कोबी.
दोन स्टॉप बाहीकडेच बघत राहिले.
मग वाकून, हळूच:
"पलीकडे जायला जागा आहे?"

बत्तीस वर्षांनी
तिसरं वाक्य आपसूक ओठांवर आलं:
"बसा. भीती तेवढी काठावर ठेवा."

शिंपला दाखवला. ते हसले नाहीत,
मान डोलावली फक्त,
आणि कोबी सांभाळत उतरले बर्फात,
एकेक पाऊल जपून,
नाव हलू नये असं.