मासिक उत्पन्न

कर्जाच्या अर्जात सातव्या रकान्यात
व्यवसाय विचारला होता.
मी लिहिलं : डोळे करते.
कर्वे रोडच्या शाखेतले हर्डीकरसाहेब
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
म्हणजे चष्म्याचं दुकान?
नाही, डोळेच.
अ‍ॅक्रिलिकचे. एकेक. हाताने रंगवून.

त्यांनी 'इतर'वर खूण केली.

मग आकडे.
एका डोळ्याचे अठरा हजार.
महिन्याला सहा, कधी आठ,
संक्रांतीच्या सुमाराला जरा वाढतात.
हंगामी धंदा आहे तर, ते म्हणाले.
मी हो म्हटलं.
दिवाळीत उडालेल्या ठिणगीची जखम
भरायला दोन महिने घेते,
हे त्यांना कशाला सांगायचं.

शिकले तेव्हा चार वर्षं सहा हजारांवर होते.
आतेभाऊ हिंजवडीत तेवढे
पेट्रोलला घालवायचा.
आई कुणाला सांगायची नाही मी काय करते,
म्हणायची, दवाखान्यात आहे.

खर्च?
भाडं, रंग, भट्टीचं वीजबिल,
आणि तुळशीबागेतली लाल रेशमाची रिळं.
फक्त लालच का हो नेता, दुकानदार विचारतो.
त्याचा धागा उसवून, तंतू सुटे करून
पांढऱ्यावर शिरा म्हणून अंथरते मी;
एक रीळ चाळीस माणसांना पुरतं.
ही बचत कुठे दाखवायची?

बोपोडीच्या रेहानाचा डोळा
दर वर्षी मोठा करावा लागतो.
पोरगी वाढते,
तिच्या बापाची हप्त्यांची वही वाढते.
सासवडचे झेंडेमामा
राहिलेल्या तीन हजारांबद्दल
अंजिरांची पेटी ठेवून गेले,
आणि जाताना आरशात परत एकदा
दोन्ही भुवया उचलून पाहिल्या.
ते जमेत धरलं तर
कर बसेल का साहेब?

असं मी विचारलं नाही अर्थात.

साहेब कॅल्क्युलेटरवर वाकले होते.
वरून उजेड पडलेला.
तपकिरी, पण मधाकडे झुकणारा,
कडेने वयाचं राखाडी वलय,
डाव्यात पाच वाजण्याच्या जागी एक ठिपका.
चार रंग लागतील. वलयालाच अर्धा दिवस.

काय पाहताय, त्यांनी विचारलं.
काही नाही.
तीन वर्षांचे रिटर्न्स आणा, म्हणाले,
आणि एक जामीनदार.
डोळे चोळले.

चोळू नका, मी म्हटलं.