उणे ऐंशी

मिरजेत आमच्या लॅबच्या रस्त्याला सोमवारी लाइट जाते.
म्हणून रविवारी रात्री मी डिझेल बघून येते,
जनरेटरच्या टाकीत काठी बुडवून,
आई रॉकेलच्या डब्यात बुडवायची तशी.

आत, उणे ऐंशीत,
दोनशे अकरा गर्भार बायकांचं रक्त.
रक्त नव्हे, रक्तावरची पिवळी निवळ,
तपकिरी कुप्यांत, वर नायट्रोजन फुंकून बंद केलेली.
कारण हे प्रकरण फार हळवं:
उजेड दिसला की बिघडतं,
हवा लागली की बिघडतं,
नुसतं ताटकळत ठेवलं तरी बिघडतं.
प्रबंधात मी लिहिते, अस्थिर मेदाम्लं.
घरी कुणी विचारलं तर सांगते,
खवट होतं. शेंगदाण्यागत.

एकशे सतरा म्हणजे शालन बाबर.
सावळज. सातवा महिना. वजन बेचाळीस.
बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते.
बेदाणे खातेस का, विचारलं तर म्हणाली,
"मोजून असतंय मॅडम."

मग प्रश्नावली काढली.
जवस आठवड्यातून किती वेळा? कारळं? अक्रोड?
अक्रोड वाचताना माझं मलाच हसू आलं,
परदेशी फॉर्मातला तो शब्द खोडायचा राहून गेलेला.
सासू उंबऱ्यात ज्वारी पाखडत होती.
तिनंच उत्तर दिलं,
"रोज खाती की. काय कमी हाय आमच्यात?"
मी "रोज"वर टिक केली.

शीर दिसेना, म्हणून शालनला मागच्या दारी उजेडात नेलं.
सुईकडं न बघता ती म्हणाली,
"जवस चांगलं, ते कळलं.
फळ्यावर बाळाचा मेंदू काढून दावला तवाच कळलं.
पर आमच्यात सुना शेवटी जेवत्यात.
मला येतंय ते बुट्टीच्या तळाचं,
आन् तळणाचं तेल, तीनदा तापल्यालं.
त्येचा रकाना हाय का तुमच्यात?"

नव्हता.
पाच मिली घेतलं. कापूस दाबून धर म्हटलं.
सावळज ते मिरज बर्फाचा डबा मांडीवर धरून
एसटीच्या खिडकीतल्या उन्हाकडं पाठ करून बसले.

त्या सोमवारी डिझेल होतं.
बॅटरी मेली होती.
फ्रीजर ओरडत राहिला दुपारभर
आणि वॉचमनला वाटलं, कुणाची तरी गाडी वाजतेय.
मी पोचले तेव्हा आकडा उणे नऊ.

सर म्हणाले, चालवून बघ, निदान किती गेलं ते कळेल.
चालवलं.
जिथं उंच शिखर हवं तिथं उंचवटा,
आणि आजूबाजूला तणासारखी बारकी बारकी टोकं.
दोनशे अकरा कागद, एकसारखे.
मग जुनी वही काढली, पहिल्या दिवसाची.
एकशे सतराचा आलेख तेव्हाच असा होता,
ताजा असताना, बर्फातून काढल्या काढल्या.
मी त्याला पेन्सिलनं गोल करून शेजारी लिहिलेलं:
"कुपी सैल?"

एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही.
हे मीच पोरांना शिकवते.
तरी ते प्रश्नचिन्ह खोडायला
हातात रबर घेऊन बराच वेळ बसले होते.

पुन्हा सावळजला गेले, नवे फॉर्म घेऊन.
शेवटच्या ओळीखाली बॉलपेननं एक रकाना आखलेला:
घरात कितवी जेवते?
शालन माहेरी गेलेली, विट्याला, बाळंतपणाला.
सासूनं फॉर्म उलटसुलट केला, काय लिवलंय म्हणाली.
वाचून दाखवलं.
सूप खाली ठेवलं तिनं.
"ही आल्यापास्नं आता बापय-लेकांसंगं बसती मी.
त्येच्या आदी बत्तीस वर्सं शेवटची."
मग लुगड्याचा पदर खांद्यावर सारून
दंड पुढं केला,
"घ्या की. माझंबी बघा काय निघतंय."

वय एकसष्ट. गर्भवती नाही.
अभ्यासाच्या निकषात बसत नाही.
मी पट्टा बांधला.