डावीकडचं मागचं दार

पास्कू म्हणाला, बळ करू नको गो,
वाटी आत दाब, मगे पीन दिसात.

मी अंगठ्यानं दाबली.
हँडलच्या मुळाशी बसलेली ती काळी वाटी
रेक्झीनमध्ये जराशी रुतली
आणि भोकात दिसलं पिनेचं डोकं, मोहरीएवढं,
गंजून हँडलशी एकजीव झालेलं.
रॉकेलचे दोन थेंब. खिळा. हातोडीची टिचकी.
एक बिडी संपेपर्यंत थांबायचं.
मग पुन्हा टिचकी.

उभादांड्याला, समुद्रापासून पाचशे पावलांवर,
फियाट टिकते ती अशीच:
वरून रंग, आतून पापुद्रे.
दारांची बुडं खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेली.
पत्रा नवा लावायचा तर आतलं अस्तर काढावं लागतं,
अस्तर काढायचं तर आधी हँडलं.
बाबा जाऊन दोन वर्षं झाली.
गाडी विकायची की ठेवायची ते ठरलेलं नाही.
तोवर सडायला नको, एवढंच.

ड्रायव्हरचं दार पाऊण तास.
शेजारचं त्याहून जास्त, तिथं पीन मोडलीच.
पास्कूनं येशूचं नाव घेतलं, मग बाबांचं,
दोन्ही वेगवेगळ्या सुरांत.
मागचं उजवं बऱ्या बोलानं निघालं.

मागचं डावं मात्र
वाटी दाबताच हातात आलं.
पीन नव्हतीच. सायकलच्या आऱ्याचा तुकडा होता,
एक टोक नखात धरता येईल असं मुडपलेला,
आणि त्याला, एवढ्या वर्षांनी, ग्रीस.

ही कंपनीची न्हय, पास्कू म्हणाला,
उजेडात धरून फिरवत.
ही वरचेवर काढूक केलली आसा.
कोणी घातल्यान?

मी सांगितलं नाही.

मथुरा आतेनं एकदा खारेपाटणच्या पुलावर
चालत्या गाडीचं दार उघडलं होतं.
त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी, पहाटे,
रत्नागिरीच्या इस्पितळाच्या तारखेला,
बाबा तिला मागं डावीकडे बसवत.
डबा मांडीवर, पदर आत आवरलेला,
काच चार बोटं उघडी, कधीची तिथंच अडकलेली.
मग दार बाहेरून लावत. हळू. दोनदा ओढून बघत.
मी पुढं बसायची.
बाबांच्या शर्टाच्या खिशात काहीतरी जड असायचं,
वळणावळणाला सुट्या पैशांवर वाजायचं.
मला वाटायचं, किल्ली.
राजापूरला चहाला थांबलो की
ते आधी उतरत, वळसा घालून येत,
तिचं दार उघडून बाजूला उभे राहत
एखाद्या साहेबाच्या ड्रायव्हरसारखे.
आते हसायची. मला म्हणायची,
बघ गो, माझो भाव कसो!

पास्कू पत्रा बघायला बाजारात गेला.
मी मागं बसले आणि दार ओढून घेतलं.
का, ते माहीत नाही. ऊन येत होतं म्हणून, म्हणू.

वाटी जिथं बसते तिथलं रेक्झीन
अजून हिरवं होतं, गाडी नवी असतानाचं.
त्या हिरव्यात, दांड्याभोवती,
नखांचे चंद्र.
एकावर एक, उथळ, खोल, काही उलटे.
हँडल बसलं की सगळे झाकून जाणारे.
बाबांना दिसत असणार.
प्रत्येक वेळी, परत आल्यावर,
वाटी जागेवर ठेवताना.

मी दोन बोटांत दांडा धरला.
फिरला नाही. चौकोनी, थंड,
त्याला बोटांशी काही देणंघेणं नाही.
काचेपलीकडे बॉनेटवर चारही हँडलं
बांगड्यासारखी सुकत पडलेली.

भरती लागली होती. आवाज येत होता चार बोटांतून.

पास्कूनं बाहेरून दार उघडलं.
भायर येतंस मा? म्हणाला.
पत्रा महाग झालेला. पिना मात्र मिळाल्या, चार,
कागदाच्या पुडीत.
ही काडी टाकू?

मी ती त्याच्या हातातून घेतली,
कुर्त्याच्या खिशात ठेवली. ग्रीस लागलं.

तीनच लाव, म्हटलं.
चौथ्याचं बघू.