डावा हात

कालव्याकाठच्या फळ्यांवरून चालत आलं की
तिसऱ्या पुलाच्या अलीकडे ते घर लागतं,
सागवानी, पाण्यात पाय सोडून बसलेलं.
मागच्या अंगणात एक विटांचा जुना चेदी, जरासा कललेला,
त्याला टेकून कुणाची तरी सायकल.

फळ्यावर खडूनं लिहिलंय : खेळ दोन वाजता.
खाली बारीक अक्षरात : बुधवारी नाही.
त्याखाली एका पोरानं काढलेलं मांजर,
ते कुणीच पुसलेलं नाही.

आत चार मुलं जमिनीवर मुखवटे रंगवतायत,
पंखा हट्टानं त्यांच्याचकडे तोंड करून.
पायरीवर पाव विकायला ठेवलाय, माशांसाठी.
मासे असे माजलेत
की मऊ तेवढं खातात, कडा सोडून देतात.

लुंग सानित बाहुलीच्या मानेला पावडर लावतात.
घाम येतो का तिला? मी विचारलं.
तिला कशाला येईल, ते म्हणाले,
आमचाच उतरतो तिच्यात. तिघांचा.

कळसूत्री म्हणता येणार नाही हिला.
दोरी नाही, लपायला पडदा नाही.
काळ्या कपड्यांतली तीन माणसं उघड उघड तिच्या पाठीशी :
एकाकडे मान आणि उजवा हात,
एकाकडे डावा,
एकाकडे पाय.
आणि ती नाचते तेव्हा तिघंही नाचतात,
म्हणजे मोजलेच तर
तिला एकूण आठ पाय.

आज डावा हात आलेला नाही.
देचा. पाच महिने त्याचं असंच चाललंय.
शहराच्या त्या टोकाला मोटारसायकलवरून
लोकांची जेवणं पोचवतो.
दोन्ही जमवीन म्हणाला होता,
हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ.

कमरेला शिवून टाकू हात, कानोकवान म्हणते,
पाय तिच्याकडे असतात.
नाच निभेल एका हातावर.
हो, पण आधी गुरूंना वंदन आहे.
टाळीचं एक वेळ सोडा,
नमस्कारसुद्धा एका हाताचा होत नाही.

अडीच वाजले.
एक निवृत्त टपालवाला, एक शाळा चुकवलेला मुलगा, मी.
आम्ही तिघं नीट बसून.

तेव्हा दारातली कॉफीवाली, पा तोंगबाय,
एकोणीस वर्षं या खेळाकडे पाठ करून दूध ओतत आलेली,
उठते, पदराएवढ्या ॲप्रनला हात पुसते,
आण इकडे, म्हणते,
दुसऱ्याचं रडतं मूल उचलावं तशी.

कॅसेट सुरू. लाकडी पट्ट्यांवर हातोड्या पडू लागतात.
उजवा हात छातीशी पोचला.
डावा वाटेतच.
पाठीनं ऐकलेलं हाताला सापडत नाहीये.
लुंग सानित काही बोलत नाहीत,
फक्त मान किंचित वळवतात,
आणि बाहुली बघू लागते
आपला दुसरा हात कुठवर आलाय.

टपालवाला खुर्चीत पुढे सरकतो.
मुलाच्या तोंडात पाव, चावायचा राहिलेला.

आपल्याकडे म्हणतात,
उजव्या हाताचं डाव्याला कळू नये.
इथे डाव्याला कळेपर्यंत
उजवा थांबून राहिला, तळवा उघडा ठेवून,
घाई न करता.

मग आला.
बोटं बोटांना लागली तेव्हा आवाज झाला,
कागदाच्या लगद्याचा, पोकळ, इतकासा.

पुढचा नाच सगळा अर्धी मात्रा मागे.
एकदा तर हातातला पंखा पडला,
कानोकवाननं तो पायानंच
बाजूला सारला, बाहुलीच्या पायानं.

संपल्यावर पा तोंगबाय थेट गाडीकडे.
कुणाच्या तरी ग्लासातला बर्फ वितळून गेलेला,
ती ओतून देते, नवा भरते,
वर हिशेबात चुकते.
बाहुलीच्या डाव्या बाहीवर, जरीपाशी,
कॉफीचा डाग.
लुंग सानित ओलं फडकं आणतात,
बघतात, घडी करून खिशात ठेवतात.

फोन वाजतो. मागे गाड्यांचा गोंगाट.
झाला का खेळ?
झाला.
आणि डावा हात?
होता, लुंग सानित म्हणतात.
जरा उशिरा आला.