फडताळातली यादी

हडर्सफील्ड, पाणीखातं, दुसरा मजला.
तीन आठवडे चहा टेबलावर येत राहिला
आणि मी पीत राहिलो, मान न उचलता.
मिरजेच्या ऑफिसात ज्योतिराम आणायचा;
असेल इथलाही कुणी ज्योतिराम.

कुणी काही बोललं नाही.
इथे हवेबद्दल बोलतात.

परवा साखर शोधताना फडताळ उघडलं.
दाराला आतून कागद:
मॉरीन, दूध आधी.
यारेक, लिंबू.
ताहिरापुढे पेन्सिलीने ‘ईदपर्यंत नको’.
तळाशी मी, स्पेलिंगात एक एच जास्त, साखर दोन.
आणि माझ्या पाळीच्या तिन्ही चौकोनांत
मॉरीनची सही.

किटली भरली. सांडलं थोडं.
घोट घेऊन मॉरीन म्हणाली, “नॉट बॅड.”

म्हणजे बरा की वाईट?
यारेकला हळूच विचारलं.
“अकरा वर्षं झाली,” तो म्हणाला,
“मलाही नक्की ठाऊक नाही.”