डावा हात

रुस्तुम खिल्लारेचा डावा हात गोरा आहे, उजवा काळा.
पंधरा वर्षं त्यानं डाव्यात हातमोजा घातला.
मनगटापाशी रेघ आहे, धुऱ्यासारखी सरळ.
त्याची माय म्हणायची, ह्यो एक हात
कोण्या मामलेदाराच्या घरून आलाय बाबा,
त्याला जेवायला येगळं ताट वाढते.

आमचं मैदान छावणीतलं, नऊ होलचं.
गवत म्हणाल तर दीड-दोन महिने,
बाकी कुसळं, बाभळीचे काटे, मुरूम.
ग्रीन नव्हतेच. ब्राऊन होते:
वाळूत ट्रकचं जळकं ऑइल कालवून
थापलेली गोल अंगणं.
साहेब लोक खेळून गेले की लोखंडी पाईप ओढून
त्यांच्या पायांचे ठसे पुसायचे, हे आम्हा पोरांचं काम.
वाळू खोटं बोलत नाही,
माराल तसा चेंडू जातो.
रुस्तुम तिथं शिकला,
एका कर्नलनं फेकलेल्या सात नंबरच्या आयर्नवर.
दांडी त्यांनी रागानं लिंबाच्या झाडावर वाकवली होती.
वाकड्या दांडीनं तो सरळ मारायचा,
म्हणून सरळ दांडी हाती आली तेव्हा
आठवडाभर सगळे चेंडू पडेगावकडं.

खरं ग्रीन त्यानं कोलकात्यात पाहिलं.
बूट काढले. मी म्हणलं, अरे, लोक बघतेत.
गुडघ्यावर बसून तळवा फिरवला,
जावळ काढलेल्या लेकराच्या टाळूवरून फिरवावा तसा.
म्हणाला, मन्सूर, ह्याला कल आहे रे.
चार फुटांवरून तीनदा मारला.

मग गाड्या. मनमाडला उतरून पुढची पकडायची,
बॅग खालच्या बर्थवर, आम्ही दोघं वरच्या एकावर.
टीसी विचारायचा, ह्यात काय, तंबोरा?
रुस्तुम म्हणायचा, होय साहेब.
दिगबोई, चंदीगड, जमशेदपूर.
शुक्रवारी संध्याकाळी फळ्यावर रेघ पडते,
रेघेच्या वरचे शनिवारी खेळतात आणि पैसे नेतात,
खालचे स्टेशनवर जातात.
शुक्रवारी रात्री कोणत्या स्टेशनवर काय खायला मिळतं
ते मला विचारा.
माझे दहा टक्के ठरलेले होते.
शून्याचे दहा टक्के मी लई वेळा मोजून घेतले.

कधीच काही नाही, असंही नाही.
म्हैसूरला दुसरा आला, एका फटक्यानं.
त्यात बहिणीचं बी.एड. झालं, घरावर स्लॅब पडला,
आमच्याकडं फ्रीज आला.
पेपरात नाव छापलं: रुस्तम किल्लेदार.

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते साल.
आम्ही दिल्लीच्या बाजूला, कॅडींच्या खोलीत.
संध्याकाळी बहीण फोनवर म्हणाली,
टँकरचा नंबर पाचव्या दिवशी लागतो.
रात्री दोनला फवारे सुरू झाले,
चक चक चक चक, गोल फिरत,
अठरा होलांवर, चांदण्यात, तिथं कोणी नसताना.
रुस्तुम उठून दारात उभा राहिला.
मला वाटलं, रडतो की काय.
म्हणाला, मोजतोय. एका फेऱ्याला अकरा सेकंद.
दुसऱ्या दिवशी त्यानं पाच सोपे पट सोडले.
मी बॅगेची चेन लावली.
काही विचारलं नाही. अजून पण नाही.

बेचाळिसाव्या वर्षी कंबर म्हणाली, बस.
आता छावणीत मेजरांच्या लेकरांना उभं राहायला शिकवतो.
त्यांना सांगतो, चेंडू कुठं पळत नाही, तुझं डोकं पळतं.
ब्राऊन गेले. तिथं पण गवत आलंय,
सांडपाण्यावर वाढलेलं,
दिवस मावळताना उलीसा वास येतो.
एक कोपरा त्यानं साहेबांकडून मागून घेतला:
वाळू, जळकं ऑइल, पाईप.
पाईप मी ओढतो. गुडघे कुरकुरतात, तरी.

परवा चहा पिताना त्याच्या हातांकडं पाहिलं.
हातमोजा आता घालत नाही तो.
रेघ पुसट झालीय,
डावा उजव्याला गाठत चाललाय.
माय असती तर एकच ताट मांडलं असतं.